नवी आवृत्ती कामावर घेण्याआधी कशी तपासायची? (मराठी आणि कन्नड मॅटर, खानापूर)

अक्षरजुळणी_खानापूर:

नमस्कार मंडळी. खानापुरात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक रंगीत ऑल-इन-वन, आणि आधारच्या कामासाठी अंगठा घ्यायचं यंत्र. सकाळी तहसीलदार कचेरीत द्यायचे अर्ज येतात, ते सगळे कन्नडमध्ये. दुपारी बाँडवरची मॅटर, संमतीपत्रं, भाडेकरार. चाचणीच्या आठवड्यात मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिका एकदम येतात. आणि तुळशीचं लग्न झालं की पत्रिका सुरू, मग मान वर करायलाही सवड नसते.

दोन्ही मशीनवर विंडोज १० आहे. विंडोज ११ साठी मशीन चालतं का ते बघितलं, दोन्ही नापास. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही म्हणे. एरवी मशीनला काही झालेलं नाही, आठ जीबी रॅम आहे, एसएसडी अलीकडेच बसवली. चालतं मशीन टाकून द्यायचं मनाला पटत नाही आणि दोन नवीन घ्यायची आत्ता ताकदही नाही. मुलगा बेंगळूरला असतो, तो फोनवरून सांगतो, "आई, लिनक्स मिंट टाकूया आणि लिबरऑफिसची नवी आवृत्ती घेऊया." मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, आणि लिबरऑफिस म्हणजे वर्डसारखा मोफत प्रोग्रॅम.

माझी काळजी वेगळीच आहे. तालुक्यातल्या एका दुकानात नवी आवृत्ती टाकली आणि दुसऱ्या दिवशी जुन्या फायली उघडल्या तर ओळी खाली-वर, पानं वाढलेली. काउंटरवर माणसं उभी, बाँड प्रिंटरमध्ये घातलेला. बाँडवर चुकीचं छापलं की तो कागद गेला, पैसे कोण देणार?

तर विचारायचं हे की तपासायचं म्हणजे नेमकं काय तपासायचं? कुठल्या फायली उघडून बघू? काय दिसलं की "हे नको" म्हणायचं? इंटरनेटवर सल्ले पुष्कळ आहेत, पण ते इंग्रजीत पत्रं लिहिणाऱ्यांसाठी आहेत. मला दोन लिप्या, लीगल साईज कागद आणि श्रीलिपीतली जुनी मॅटर सांभाळायची आहेत.


प्रेसवाला_निपाणी:

ताई, घाई करू नगा. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले हे खरं, पण वाढीव अपडेटची एक योजना हाय, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तुमच्या मशीनला ती लागू होतीया का ते सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर दिसतंय. त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंय. होत असंल तर ते आधी करून घ्या, म्हंजे तपासायला सवड मिळंल.

दुसरं, अंगठ्याचं यंत्र ज्या मशीनला जोडलंय ते विंडोजवरच राहू दे. असल्या यंत्रांचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठीच असत्यात. दोन्ही मशीन एकदम बदलायची नाहीत, एवढं माझं ऐका.


डीटीपी_शहापूर:

ताई, मुलाची सूचना चांगली आहे आणि तुमची काळजीही रास्त आहे. निपाणीच्या दादांनी सांगितलेलं पहिल्यांदा करा. मी बेळगावात शहापूरला बरीच वर्षं डीटीपी करतोय, आणि लिबरऑफिसची आवृत्ती पक्की व्हायच्या आधी ती मराठीत तपासून बघतो. आपल्यासारखी मॅटर दुसरं कोण तपासणार? बेंगळूरचा माणूस कन्नड बघेल, पुण्याचा मराठी बघेल. एकाच पानावर दोन्ही असतं ते आपल्याकडेच. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी मशीनला हात न लावता बघा. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मिंटची फाइल, साधारण तीन जीबीची, त्यावर रुफस नावाच्या प्रोग्रॅमने चढवा. मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं की हार्डडिस्कला धक्का न लागता पूर्ण मिंट चालतं. टेबलावर "इन्स्टॉल" असं चित्र दिसेल, त्याला अजिबात हात लावू नका. पेनड्राइव्हवरून सगळं जरा हळू चालतं, त्यावरून वेगाचं मत बनवू नका. या बैठकीत फक्त यंत्रं बघायची. दोन्ही प्रिंटर सापडतात का, स्कॅन येतं का, लीगल कागदाचा ट्रे ओळखतो का. लीगल म्हणजे २१५.९ बाय ३५५.६ मिलिमीटर, आणि पुष्कळदा प्रोग्रॅममध्ये लीगल निवडलेलं असतं पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए४ च राहतं. मग खालच्या सह्यांच्या ओळी गायब. साध्या कागदावर एक पान काढून बघा, बाँड नंतर.

लिबरऑफिस तपासायला तर मिंटचीही गरज नाही, ते तुमच्या विंडोजवरच बसवता येतं. त्याच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. २०२४ पासून नंबरच वर्ष आणि महिन्याचे केलेत, २४.२, २४.८, २५.२, २५.८ असे. त्यापुढचा तिसरा आकडा म्हणजे दुरुस्त्या. धंद्याच्या मशीनवर तिसरा आकडा तीन-चारवर गेल्याशिवाय मी घेत नाही, तोवर ठळक दोष निघून गेलेले असतात. त्याआधी येणाऱ्या चाचणीच्या अल्फा आणि बीटा आवृत्त्या "लिबरऑफिसडेव्ह" या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये बसतात, सेटिंगही वेगळी ठेवतात, त्यामुळे जुन्याच्या शेजारी निर्धास्त ठेवता येतात. रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्की होण्याआधीची शेवटची चाचणी आवृत्ती, मात्र जुन्याच्या जागेवरच बसते. ती कामाच्या मशीनवर नको.

आता फायली. सोपी फाइल उघडून काही कळत नाही. तुमच्याकडची सगळ्यात किचकट फाइल प्रत्येक प्रकारातली एक काढा. बाँडवरचा करार, ज्यात ओळ पानाच्या अगदी तळाला संपते असा. तक्त्याची प्रश्नपत्रिका, जोड्या लावा वगैरे असलेली. किनार आणि फोटो असलेली पत्रिका. एखाद्या सोसायटीचा अहवाल, ताळेबंदासकट. आणि कन्नड अर्ज ज्यात नाव-पत्ता मराठीतही आहे. यांच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि तपासणी फक्त त्या प्रतींवर करा.

प्रत्येक फाइलची जुन्या प्रोग्रॅममधून पीडीएफ काढा, नव्यातून काढा. पानांची संख्या जुळते का ते आधी बघा. जुळली तर दोन्हीचं शेवटचं पान कागदावर घ्या आणि एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरा. ओळी तंतोतंत बसल्या तर मधलं सहसा बिघडलेलं नसतं. सरकलेल्या दिसल्या तर पहिल्या पानापासून बघत या, जिथे पहिली ओळ सरकते तिथेच कारण असतं. त्याच्या पुढचं सगळं त्या एका ओळीमुळे सरकलेलं असतं, ते बघत बसू नका.

अक्षरांसाठी मी एक ओळ करून ठेवली आहे. ती अशीच्या अशी उचला:

येळ्ळूर मण्णूर हुक्केरी सौंदत्ती हत्तरगुंजी कुऱ्हाड दऱ्याखोऱ्या वाङ्मय उद्ध्वस्त विठ्ठल हृदय शृंगार कर्तृत्व ब्रह्म चिन्ह ॲप ऑफिस रुपया रूप लाल शाल

ही ओळ तुम्ही वापरता त्या प्रत्येक फाँटात लावा, चौदा पॉइंटात एकदा आणि पत्रिकेच्या मोठ्या अक्षरात एकदा. येळ्ळूरमधला ळ्ळ फार फाँटांना जमत नाही, पाय मोडलेला ळ आणि शेजारी पुरता ळ असं दिसतं. येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाची पत्रिका करायची तर ते मोठ्या अक्षरात कसं चालेल? कुऱ्हाड आणि दऱ्या यांत र आडव्या चंद्रकोरीसारखा दिसायला हवा, रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर गेला तर चूक. हृदयातला ऋकार ह च्या पोटात नीट बसतो का बघा. रु आणि रू वेगळे ओळखता येतात का तेही, कारण लहान आकारात ते एकसारखे दिसतात आणि प्रूफ वाचताना सुटतात.

शेवटचे लाल आणि शाल कशासाठी, तर मराठी वळणाचा ल आणि श येतो का हे बघायला. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी नेमली असेल तरच मराठी वळण येतं. नवीन बसवल्यावर बरेचदा तिथे हिंदी असते. पर्यायांमध्ये भाषेच्या पानावर "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" असं खातं आहे, तिथे मराठी करा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच वळणं धरली आहेत. आपल्याकडच्या मराठी शाळांच्या पहिली-दुसरीच्या प्रश्नपत्रिकेत तरी हे पाळावं असं मला मनापासून वाटतं, पोरं जे बघतात तेच गिरवतात.

आपल्या भागासाठी आणखी एक, आणि हे कुणी सांगत नाही. लिबरऑफिस इंग्रजीचा फाँट वेगळा धरतो आणि भारतीय लिप्यांचा वेगळा. पण मराठी आणि कन्नड दोन्ही त्याच एका खात्यात पडतात. म्हणजे तिथे फक्त देवनागरीचा फाँट नेमलात तर कन्नड अक्षरं त्याला जो सापडेल त्या फाँटातून येतात, आणि दुसऱ्या मशीनवर दुसऱ्याच. उपाय सोपा आहे. कन्नड परिच्छेदांसाठी वेगळी शैली करून तिला नोटो सॅन्स कन्नड नेमा, मराठीच्या शैलीला नोटो सॅन्स देवनागरी. दोन्ही मोफत आहेत, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतात. विंडोजवरच्या निर्मला यूआय मध्ये दोन्ही लिप्या आहेत, पण तो लिनक्सवर मिळणार नाही.

श्रीलिपीतल्या जुन्या मॅटरचं असं आहे की त्यात आत इंग्रजी चिन्हांचे संकेत असतात, फक्त फाँटमुळे मराठी दिसतं. कन्नडमध्ये नुडीच्या जुन्या फाँटांचंही तेच. मजकूर निवडून साधा इंग्रजी फाँट लावा, चित्रविचित्र चिन्हं दिसली तर ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये ते बिघडलेलं दिसलं तर दोष प्रोग्रॅमचा नाही. अशी मॅटर जुन्या मशीनवरच राहू द्या, पीडीएफ काढून ठेवा, आणि जी परत परत लागतात तेवढीच रूपांतर करून एकदा नीट वाचून काढा.

बसवण्याआधी तुमचं शब्दभांडार जपा. शब्दकोशात घातलेली गावांची, आडनावांची नावं ज्या फोल्डरमध्ये असतात तो विंडोजवर अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये "लिबरऑफिस" नावाने सापडेल. आख्खा उचलून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि नवी आवृत्ती काहीतरी विचित्र वागली तर हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करून बघा. तिथे नीट चालली तर बिघाड जुन्या सेटिंगमध्ये आहे.

बघा की, या रविवारी दुकान बंद असताना बसा आणि काय दिसलं ते इथे लिहा.


शिक्षक_कडोली:

शहापूरच्या दादांनी छान लिहिलंय. टायपिंगबद्दल थोडं मी सांगतो. मी शाळेत मराठी टाईप करतो आणि खात्याची पत्रं कन्नडमध्ये. ताई, नव्या मशीनवर कीबोर्ड बदलावा लागणार असेल तर इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी घ्या. एकदा शिकलं की दोन्ही भाषा हातात येतात, कारण अक्षरांच्या जागा त्याच. क, त, र, प ज्या कळांवर मराठीत आहेत त्याच कळांवर कन्नडमध्ये. कन्नडला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ जास्तीचे, ते झेडच्या आणि आकड्यांच्या डावीकडच्या कळेवर. ऱ साठी शिफ्ट आणि जे, मग डी ने पाय मोडायचा आणि य किंवा ह. ळ साठी शिफ्ट आणि एन.

आणि ज्यांचा हात नुडी या कन्नड प्रोग्रॅमच्या कीबोर्डवर बसलाय त्यांनी लिनक्सच्या कीबोर्डांच्या यादीत "कगप" बघावं. कन्नड गणक परिषदेचीच ती मांडणी, आणि ती मराठीसाठीही दिलेली आहे.


अक्षरजुळणी_खानापूर:

सगळ्यांचे आभार. रविवारी मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन दिवसभर बसले. मिंट पेनड्राइव्हवरून चालू झालं, लेझर प्रिंटर आपणहून सापडला, लीगल कागदही ओळखला. कन्नड अर्ज एका फटक्यात जुळला. प्रश्नपत्रिकेचे तक्ते जागच्या जागी. ओळीतलं येळ्ळूर नोटोमध्ये व्यवस्थित आलं, बघून बरं वाटलं.

अडलं ते असं. भाडेकरार चार पानांचा पाच पानांवर गेला. पहिली ओळ कुठे सरकते बघितलं तर अगदी वरूनच, प्रत्येक ओळीत थोडं थोडं अंतर जास्त. दुसरं, पत्रिकेचा एक सजावटीचा फाँट आहे, त्यात "कुऱ्हाड" मधला र पुरता उभा आणि खाली पाय मोडलेला असा आला. आमच्याकडे कुऱ्हाडे आडनावाची घरं आहेत, पत्रिकेवर नावच मोडलं तर कोण घेईल? हे लिबरऑफिसचं बिघडलंय की फाँटचं, कसं ओळखू? आणि रंगीत प्रिंटरचं छापणं चालतं, स्कॅनर मात्र दिसत नाही.


डीटीपी_शहापूर:

ताई, तुम्ही "वरूनच, प्रत्येक ओळीत" असं लिहिलंत तिथेच उत्तर आलं. तुमचा करार मंगल फाँटात असणार. तो मायक्रोसॉफ्टचा, मिंटवर नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा आला आणि त्याची ओळ उंच. विंडोजवरसुद्धा हे होतं हे कळून असू द्या. विंडोज १० पासून मंगल सगळ्यांना आपोआप मिळत नाही, "देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स" असा जादा भाग सेटिंगमधून घ्यावा लागतो. कन्नडच्या तुंगाचंही तसंच. त्यामुळे नवीन मशीनवर फायली सरकल्या की पुष्कळ जण प्रोग्रॅमला बोल लावतात.

यावर मी असं करतो. ज्या कराराचे नमुने रोज लागतात ते जुन्या मशीनवरच आधी नोटोमध्ये बदलायचे, पानं नीट बसवायची, आणि मग नव्या मशीनवर न्यायचे. फाइलच्या प्रॉपर्टीमध्ये फाँटच्या पानावर "फाँट फाइलमध्येच ठेवा" अशी खूण आहे, तीही करा. सह्या होऊन गेलेले जुने करार बदलत बसू नका, त्यांची पीडीएफ पुरे. पीडीएफ काढताना मूळ फाइल तिच्या पोटात ठेवायची सोय आहे, ती वापरली की एकाच फाइलीत छापायचं आणि पुढे बदलायचं दोन्ही राहतं.

आता कुऱ्हाड. फाँट की प्रोग्रॅम हे ओळखायला एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच शब्द, तोच प्रोग्रॅम, फाँट दुसरा: नोटोमध्ये नीट आला हे तुम्ही बघितलंच आहे. मग तोच शब्द, तोच फाँट, प्रोग्रॅम दुसरा: विंडोजवर वर्डपॅडमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये लावा. तिथेही पाय मोडलेलाच आला तर फाँटात ती आकृतीच नाही, कुणाकडे तक्रार करून उपयोग नाही, पत्रिकेला दुसरा फाँट घ्या. तिथे नीट आला तर तिसरी गोष्ट, तोच शब्द, तोच फाँट, लिबरऑफिसची जुनी आवृत्ती. जुन्यात नीट आणि नव्यात मोडलेला असेल तर तो नव्या आवृत्तीतला दोष, आणि तो कळवायलाच हवा.

त्याआधी आणखी एक शक्यता तपासा, आपल्याकडे ही फार दिसते. हा र दोन प्रकारे टाईप होतो. एक म्हणजे कडोलीच्या सरांनी सांगितलेला ऱ, पाय मोडून ह. दुसरा म्हणजे साधा र, पाय मोडून, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आत वेगळे. काही जुने फाँट फक्त दुसरा ओळखतात. शोधा-बदला करतानाही एका प्रकाराने टाईप केलेलं दुसऱ्या प्रकाराने सापडत नाही, म्हणून मतदारयादीसारखं मोठं काम असेल तर दोन्ही प्रकारे शोधा. कुठला आहे ते कळायला र च्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक येतो. ऱ चा ०९३१, साध्या र चा ०९३०. पुन्हा दाबलं की अक्षर परत. ॲप मधल्या ॲ ची कळ सापडत नसेल तर तिथेही हेच, ०९७२ इंग्रजी आकड्यांत टाईप करून ऑल्ट आणि एक्स.

दोष खरोखर नव्या आवृत्तीचाच निघाला तर कळवायची जागा लिबरऑफिस चालवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिला या संकेतस्थळावर आहे. इंग्रजी साधं चालतं, भाषेची लाज बाळगू नका. तिथे बघणारा माणूस मराठी वाचणारा नसणार हे धरून लिहायचं. त्याला कुऱ्हाड बरोबर की चूक हे दिसतच नाही. म्हणून दोन चित्रं द्या, जुन्या आवृत्तीतलं आणि नव्यातलं, आणि मोडलेल्या जागेवर लाल गोल काढा. सोबत एका शब्दाची फाइल. आख्खी पत्रिका नाही, फक्त तो शब्द त्या फाँटात. फाँटचं नाव आणि तो कुठून मिळतो तेही, नाहीतर समोरच्याला तो दोष बघताच येणार नाही. पायऱ्या क्रमाने: हे उघडा, हे टाईप करा, हे दिसतं, हे दिसायला हवं. हेल्प मेनूत "अबाउट" मध्ये आवृत्तीची पूर्ण माहिती कॉपी करायचं बटण आहे, ते दाबून जसंच्या तसं चिकटवा.

आणि हे मी फार आग्रहाने सांगतो. तिथे जोडलेली फाइल जगातल्या कुणालाही उघडता येते. गिऱ्हाइकाचा अर्ज, आधार क्रमांक, उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर, फोन, काहीही जाता कामा नये. लोक विश्वासाने कागद आपल्या हातात देतात. दोष दाखवायला नवीन कोरी फाइल करून त्यात तेवढाच शब्द टाईप करा.

नोंदवल्यावर तक्रार आधी "अनकन्फर्म्ड" दिसते. दुसऱ्या कुणाला तोच दोष दिसला की ती "न्यू" होते. "नीडइन्फो" दिसलं तर तुम्हाला काहीतरी विचारलंय, उत्तर द्या. मराठीच्या तक्रारी इथेच अडकतात, तपासायला दुसरा मराठी माणूसच नसतो. तुम्ही नोंदवलीत तर क्रमांक इथे टाका, मी माझ्या मशीनवर बघून खात्री करतो. निपाणीच्या दादांनीही बघावं, तीन वेगळ्या मशीनवर तोच दोष दिसला की लवकर हातात घेतात.


प्रेसवाला_निपाणी:

बघतो की. माझ्याकडं विंडोज ११ पण हाय एका मशीनवर, तिथंबी लावून सांगतो. ताई, तो सजावटीचा फाँट कुठला ते कळवा.


अक्षरजुळणी_खानापूर:

तिन्ही अदलाबदल करून बघितल्या. वर्डपॅडमध्येही र मोडलेलाच, म्हणजे फाँटच तसा. जोडचिन्हाच्या प्रकाराने टाईप केलं तर मात्र त्याच फाँटात चंद्रकोर व्यवस्थित आली! म्हणजे पत्रिकेपुरतं काम भागलं आणि तक्रार नोंदवायची गरज उरली नाही. भाडेकराराचा नमुना जुन्या मशीनवर नोटोमध्ये करून घेतला, आता दोन्हीकडे चारच पानं. अंगठ्याचं मशीन विंडोजवरच ठेवतेय, दुसऱ्यावर मिंट. स्कॅनरचं तेवढं राहिलं.


डीटीपी_शहापूर:

फार छान झालं. ती जोडचिन्हाची नोंद त्या फाँटच्या नावासकट एका वहीत लिहून ठेवा, दुकानात मदतीला येणाऱ्या मुलीलाही लागेल.

स्कॅनरसाठी ऑल-इन-वन वायफायवर असेल तर मशीन आणि प्रिंटर एकाच वायफायला जोडा, मग मिंटमधला "डॉक्युमेंट स्कॅनर" उघडून बघा. अलीकडचे बहुतेक प्रिंटर ड्रायव्हरशिवाय स्कॅन देतात, त्यासाठी "सेन-एअरस्कॅन" नावाचा भाग लागतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तो आहे का बघा, नसेल तर घ्या. युएसबी केबलने जोडलेला असेल तर "आयपीपी-युएसबी" हा भागही लागतो, तो बसवून प्रिंटर एकदा बंद-चालू करा. तरी नाहीच दिसला तर प्रिंटरचं मॉडेल इथे लिहा. आणि तोवर इन्स्टॉल करू नका, पेनड्राइव्हवरूनच चालू द्या.